बाप नऊला पेंगतो, पोरगा बारालाही जागा, असं का?

प्रश्न : मी कळमना मार्केटात एका अडतीवर कामाला आहे. पहाटे चारला उठतो, त्यामुळे रात्री नऊलाच डोळे मिटतात. पोरगा दहावीत आहे. त्याच खोलीत, त्याच कूलरसमोर तो बारा-एकपर्यंत मोबाइल पाहत पडलेला असतो. सकाळी सातच्या शाळेसाठी हलवलं तरी उठत नाही. ‘झोपच येत नाही’ म्हणतो. हे खरं की बहाणा? मोबाइल काढूनच घ्यावा का?
– एक वाचक, कळमना, नागपूर

उत्तर : दादा, तो निम्मं तरी खरं सांगतोय. वयात येताना शरीरातलं झोपेचं घड्याळ मागे पडतं. अंधार पडल्यावर मेंदूत मेलाटोनिन नावाचं संप्रेरक स्रवू लागतं आणि शरीर झोपेच्या तयारीला लागतं. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांत हे लहानपणापेक्षा एक-दोन तास उशिरा घडतं. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठात मेरी कार्सकाडन यांनी यावर अनेक वर्षं संशोधन केलं आहे. म्हणून नऊला तुम्ही पेंगता तेव्हा तो ताजातवाना असतो. त्याला आळशी म्हणू नका, एवढी कळकळीची विनंती.

मोबाइलचा दोष पुढे सुरू होतो. साधारण अकराला येणारी झोप तो एकपर्यंत लांबवतो. पडद्याच्या उजेडाचा परिणाम होतोच, पण माझ्या मते जास्त नुकसान करतं ते न संपणारं बघणं. एक रील संपलं की दुसरं आपोआप पुढे येतं, मित्रांच्या ग्रुपवर कुणीतरी जागंच असतं. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास झोप लागते. एकला झोपून सहाला उठणाऱ्याला पाचच मिळते, आणि दिवसभर वाचलेलं पक्कं करण्याचं मेंदूचं बरंच काम झोपेतच होतं. दहावीच्या वर्षी हा तोटा लहान नाही.

शाळेची वेळही त्याच्या विरोधात आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये राज्य सरकारने सकाळी नऊच्या आधी वर्ग भरवू नयेत असं सांगितलं, ते चौथीपर्यंतच्या मुलांसाठी. ज्यांचं घड्याळ खरोखर मागे पडतं ती मोठी मुलं त्यातून सुटली. अमेरिकेतल्या सिएटलमध्ये 2016 साली माध्यमिक शाळा जवळपास तासभर उशिरा भरू लागल्या, तेव्हा मुलांची रोजची झोप सुमारे अर्ध्या तासाने वाढली. पालकसभेत हा विषय जरूर काढा.

आता मोबाइल काढून घेण्याचं. 2022 साली आपल्याच विदर्भात, यवतमाळ जिल्ह्यातल्या बान्सी ग्रामपंचायतीने अठरा वर्षांखालच्या मुलांना मोबाइलबंदीचा ठराव केला. त्याच वर्षी सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांच्या वडगावात संध्याकाळी सातला भोंगा वाजू लागला. दीड तास मुलांचे आणि मोठ्यांचेही मोबाइल, टीव्ही बंद. मला वडगावची वाट जास्त पटते. आईबापांच्या हातात मोबाइल असताना पोराच्या हातून हिसकावला, तर तो चोरून बघायला शिकतो.

म्हणून घराचाच नियम करा. साडेदहाला सगळ्यांचे मोबाइल स्वयंपाकघरात चार्जिंगला. तुम्ही आधी झोपता, तेव्हा तुमचा नऊलाच तिथे जाऊ द्या. ‘अलार्मसाठी लागतो’ ही सबब दोघांचीही असणार. त्यासाठी साधं गजराचं घड्याळ आणा. वेळ मात्र पोराला विचारून ठरवा. स्वतः कबूल केलेली वेळ मुलं जास्त पाळतात. एकदम एकवरून साडेदहा जमणार नाही, दर तीन-चार दिवसांनी पंधरा-वीस मिनिटं अलीकडे आणा. संध्याकाळनंतर चहा-कॉफी नको. सकाळी उठल्यावर थोडा वेळ गच्चीवर किंवा अंगणात उजेडात उभं राहू द्या, त्याने घड्याळ पुढे सरकतं. रविवारी एखादा तास जास्त झोपू द्या, पण दुपारपर्यंत नको. नाहीतर सोमवारची सकाळ आणखी जड जाते. आणि मे महिन्यातल्या उकाड्यात कूलर असूनही झोप उशिरा लागली, तर त्याचं खापर मोबाइलवर फोडू नका.

महिनाभर हे करूनही झोप येत नसेल, तो गप्प-गप्प राहत असेल, जेवण सुटलं असेल किंवा जोरात घोरत असेल, तर डॉक्टरांना दाखवा. नागपूरच्या मेडिकलमध्ये, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, मानसोपचार विभाग आहे. आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या 14416 या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही मोफत बोलता येतं. तुम्हालाही आणि त्यालाही.