लग्नघरचे फटाके आणि दारची गंजी

उपवासकाळ संपून ईस्टर झाला की आपल्या गावांतून लग्नसराई सुरू होते. दारापुढे झावळ्यांचा मांडव, परड्यात भाताच्या पिंजराची गंजी आणि पलीकडे गोठा, असे बहुतेक शेतकऱ्यांचे घर असते. दिवाळीत गवताला ओल असते, पण एप्रिल-मे महिन्यांत सारे वाळून कोळ झालेले असते. त्यात वारा सुटला की एक ठिणगी वर्षाची वैरण जाळू शकते. म्हणून उन्हाळ्यातील फटाक्यांना दिवाळीपेक्षा अधिक जपावे लागते.

जागा : मांडवाजवळ, गंजीजवळ वा गोठ्याजवळ फटाके उडवू नयेत. नांगरलेले मोकळे शेत उत्तम. वारा गंजीकडून आपल्याकडे येत असावा. बाण कोठे पडेल याचा नेम नसतो, म्हणून कौलारू व गवती घरांच्या वस्तीत तो आणूच नये. उडवण्यापूर्वी पाण्याच्या दोन बादल्या व वाळूचे घमेले जवळ ठेवावे. आवाजाने बुजून बैल दावे तोडतात. त्यांना आधीच दूर बांधावे. रात्री १० ते सकाळी ६ आवाजाचे फटाके उडवण्यास कायद्याने मनाई आहे, हेही ध्यानात असावे.

साठा : १० एप्रिल २०१६ रोजी केरळात कोल्लम जिल्ह्यातील पुट्टिंगल देवस्थानाच्या उत्सवात पेटते दारूकाम साठ्याच्या खोलीवर पडले आणि शंभरावर माणसे मृत्यू पावली. आपली पेटी लहान असली तरी धडा तोच आहे. पेटी झाकून लांब ठेवावी व एका वेळी एकच फटाका बाहेर काढावा. खिशात फटाके ठेवू नयेत.

पेटवताना : हे काम मोठ्या, शुद्धीवर असलेल्या माणसाने करावे, दारू प्यालेल्याने नव्हे. सुती कपडे घालावेत. लांब उदबत्तीने, हात लांब करून, तोंड बाजूला ठेवून पेटवावे व लगेच मागे सरावे. फुलबाजी निरुपद्रवी समजून आपण ती लहानग्यांच्या हाती देतो. पण पाणी १०० अंशांवर उकळते, तर फुलबाजी १००० अंशांहून अधिक तापते! विझलेली तार लगेच बादलीत टाकावी. न उडालेल्या फटाक्यावर वाकून पाहू नये. निदान वीस मिनिटे थांबून त्यावर पाणी ओतावे. त्यातील दारू काढून पुन्हा पेटवण्याच्या खेळात मुलांची बोटे व डोळे जातात.

भाजल्यास : कपडे पेटले तर धावू नये, जमिनीवर लोळावे, किंवा घोंगडी गुंडाळून विझवावे. भाजलेल्या जागेवर साधे थंड पाणी वीस मिनिटे सोडावे. सूज येण्यापूर्वी अंगठी, बांगड्या काढाव्यात. बर्फ, तूप, हळद, शाई, टूथपेस्ट यांपैकी काहीही लावू नये. फोड फोडू नयेत, चिकटलेले कापड ओढू नये. स्वच्छ कापडाने सैल झाकून दवाखान्यात न्यावे व धनुर्वाताच्या इंजेक्शनाविषयी विचारावे.

डोळ्याला इजा झाली तर चोळू नये, दाबू नये, धुऊ नये, मलम घालू नये. डोळ्यावर टेकणार नाही असा कागदी पेला धरून तडक इस्पितळ गाठावे. रुग्णवाहिकेसाठी १०८, अग्निशमन दलासाठी १०१ हे क्रमांक मांडवातच लिहून लावावेत.

शेवटचे काम पुष्कळजण विसरतात. पाहुणे जेवायला बसले की ज्याने फटाके आणले त्यानेच बॅटरी घेऊन गंजीभोवती, गोठ्याभोवती व मांडवाभोवती एक फेरी मारावी, आणि निजण्यापूर्वी आणखी एक. पिंजरात शिरलेली ठिणगी कित्येक तास आत धुमसत राहते व सारे निजल्यावर भडकते. धुराचा वास आला तर सकाळची वाट पाहू नये. या दोन फेऱ्यांना फार तर अर्धा तास लागेल. गंजी उभी करायला मात्र पुढची सुगी यावी लागते.