गिटला मदतनीस सापडेना, तेव्हा

ऐक रे. गिट "सापडत नाही" म्हणून अडून बसलं की काय करायचं नाही, ते आधी सांगते. लगेच काहीही नव्यानं इन्स्टॉल करायचं नाही. पुष्कळदा तो मदतनीस प्रोग्रॅम मशीनवर असतोच. घाईनं पुन्हा टाकलास की एकाच्या दोन प्रती होतात, आणि मग त्यातली नेमकी कुठली चालतेय हे शोधण्यात अख्खी दुपार जाते.

आधी एरर वाच, आणि वरून वाच. शेवटची ओळ सगळ्यांत मोठ्यानं ओरडते, पण कारण बहुधा पहिल्या ओळीत असतं. एलएफएसचंच, म्हणजे मोठ्या फाइली सांभाळणाऱ्या मदतनिसाचंच, घे. मोठ्या फाइली असलेला रेपो क्लोन करताना पडद्यावर दोन ओळी येतात. वरची म्हणते, "गिट-एलएफएस: कमांड नॉट फाउंड." खालची म्हणते, "फेटल: द रिमोट एंड हंग अप अनएक्स्पेक्टेडली." खालचीच तेवढी वाचून पोरं नेटवर्कच्या मागं लागतात. व्हीपीएन बंद-चालू करतात, वायफाय बदलतात, सर्व्हरवाल्यांना फोन लावतात. इथं 'रिमोट एंड' म्हणजे दूरचा सर्व्हर नाहीच. तुझ्याच मशीनवर जो प्रोग्रॅम उठून गिटशी बोलायला हवा होता तो उठला नाही, एवढंच त्या ओळीचं म्हणणं आहे.

गिट एकट्यानं सगळं करत नाही, हे मनात पक्कं बसव. 2005च्या एप्रिलमध्ये लिनस टोरवाल्ड्सनं लिनक्स कर्नलच्या कामासाठी ते लिहायला घेतलं, तेव्हापासून त्याची घडण छोट्या छोट्या प्रोग्रॅमांची आहे. सुरुवातीला 'गिट-अमुक', 'गिट-तमुक' अशी कितीतरी नावं थेट पाथमध्येच, म्हणजे शेल प्रोग्रॅम शोधतं त्या डिरेक्टऱ्यांतच, पसरलेली असायची. 2008मध्ये 1.6.0 आवृत्ती आली आणि ती सगळी उचलून एका वेगळ्या डिरेक्टरीत नेऊन ठेवली. आज बरीचशी कामं एकाच बायनरीत सामावली आहेत, तरी एचटीटीपीएसवरून बोलणारा प्रोग्रॅम वेगळा, पासवर्ड सांभाळणारा वेगळा, एसएसएच वेगळं, कमिटवर सही करणारं जीपीजी वेगळं, मेसेज लिहायचा एडिटरही वेगळा. तू 'गिट अमुक' लिहिलंस की हे काम आपल्या पोटात आहे का, ते गिट आधी बघतं. नसेल तर 'गिट-अमुक' या नावाचा प्रोग्रॅम शोधतं. आधी आपल्या त्या खास डिरेक्टरीत, मग पाथमध्ये लिहिलेल्या डिरेक्टऱ्यांत, लिहिलेल्या क्रमानं. ती खास डिरेक्टरी कुठली, हे 'गिट --एक्झेक-पाथ' लिहिलंस की एका ओळीत कळतं.

म्हणून माझे तीनच प्रश्न असतात: शोधतंय कोण, शोधतंय कुठं, आणि शोधतंय कुठल्या नावानं. यातला पहिला प्रश्न कुणी विचारतच नाही, आणि सगळ्यांत जास्त घोळ तिथंच असतो.

मॅकवर हे फार बघायला मिळतं. टर्मिनलमध्ये पुल, पुश सगळं सुरळीत. तोच रेपो खिडक्या-बटणांच्या ॲपमध्ये उघडला की एलएफएस सापडत नाही. माणूस टर्मिनलमध्ये 'विच गिट-एलएफएस' लिहितो, उत्तर येतं '/ऑप्ट/होमब्रू/बिन/गिट-एलएफएस', आणि तो चक्रावतो, की आहे तर इथंच! पण विचारलं कुणी? टर्मिनलमधल्या शेलनं. त्या शेलनं सुरू होताना तुझी झेडशेलची फाइल वाचली, त्यातून त्याला होमब्रूचा पत्ता कळला. डॉकवरून उघडलेलं ॲप ती फाइल वाचत नाही. त्याच्या वाट्याला सिस्टिमचा मोजका पाथ येतो: '/युझर/बिन', '/बिन', '/युझर/एसबिन' आणि '/एसबिन'. होमब्रू त्यात नाही. इंटेलच्या मॅकवर होमब्रू '/युझर/लोकल'मध्ये बसायचं, ॲपलच्या स्वतःच्या चिपवर ते '/ऑप्ट/होमब्रू'त गेलं. जुन्या मशीनसाठी लिहिलेल्या स्क्रिप्टा नव्या मॅकवर अडतात त्या यामुळेही.

यावर उपाय सोपा आहे. ॲपच्या सेटिंगमध्ये कुठलं गिट वापरायचं ते निवडता येतं का, ते आधी बघ. काही ॲपं स्वतःचंच गिट पोटात घेऊन येतात. नाहीतर कॉन्फिगमध्ये एलएफएसच्या फिल्टरला नुसतं नाव न देता पूर्ण पत्ता दे. तिथं प्रोसेस, क्लीन आणि स्मज अशा तीन नोंदी असतात, तिन्ही बदल. एक बदलून दोन विसरलास तर कोडं आणखी अवघड होतं. हुकांचंही, म्हणजे कमिटसारख्या वेळी गिट आपोआप चालवतं त्या स्क्रिप्टांचंही, दुखणं हेच. प्री-कमिट हुक नोडचं एनपीएक्स मागतो, ते एनव्हीएमनं बसवलेलं असतं, आणि एनव्हीएमचा पत्ता फक्त तुझ्या शेलच्या फाइलला ठाऊक असतो.

ठरल्या वेळी कामं चालवणारं क्रॉनही त्याच माळेतलं. त्याचा पाथ बहुधा '/युझर/बिन' आणि '/बिन' एवढाच असतो. क्रॉनटॅबच्या डोक्यावर पाथ लिहिता येतो, पण तिथं 'पाथ=$पाथ:...' असं शेलच्या सवयीनं लिहू नकोस. क्रॉन ते उलगडत नाही, जसंच्या तसं अक्षरशः घेतं. सगळ्या डिरेक्टऱ्या पूर्ण लिहून काढ.

आता सर्व्हरचं. क्लोन करताना "गिट-अपलोड-पॅक: कमांड नॉट फाउंड" आलं, तर ते तुझ्या मशीनचं बोलणंच नाही. एसएसएचनं तू पलीकडे गेलास आणि पलीकडच्या शेलला तो प्रोग्रॅम सापडला नाही. तू लॉगिन करून बघतोस तर गिट आहे, चालतंही. कारण लॉगिन केल्यावर वेगळ्या फाइली वाचल्या जातात आणि नुसती एक कमांड पाठवल्यावर वेगळ्या. पलीकडचा खरा पाथ बघायचा तर "एसएसएच सर्व्हर 'एको $पाथ'" असं लिही, आणि ते अवतरण एकेरीच ठेव. दुहेरी दिलंस तर $पाथ तुझ्याच मशीनवर उलगडून मग पलीकडे जातो, आणि तू आपलाच पाथ वाचत सर्व्हर ठीक आहे म्हणून समाधान मानतोस. एका चिन्हाचा फरक आहे, पण यात भले भले फसतात.

पाथ अपुरा निघाला तर पलीकडच्या '.बॅशआरसी'त डिरेक्टरी जोड. आता नीट लक्ष दे. डेबियन आणि उबुंटूवर त्या फाइलच्या अगदी सुरुवातीला एक तपासणी असते: शेलसमोर माणूस बसलेला नसेल तर इथूनच मागं फिर. तू आपली ओळ तळाशी जोडलीस, तर गिटसाठी उघडलेला शेल तिथवर पोचतच नाही. ओळ त्या तपासणीच्या वर हवी. सर्व्हरला हात लावायची मुभाच नसेल, तर क्लोनला '--अपलोड-पॅक' देऊन पूर्ण पत्ता सांगता येतो. पुढच्या कामासाठी त्या रिमोटच्या कॉन्फिगमध्ये अपलोडपॅक आणि रिसीव्हपॅक दोन्ही भर. पहिलं पुलसाठी, दुसरं पुशसाठी.

कंटेनरमध्ये मात्र खरंच नसतं, हेही सांगून ठेवते. अल्पाइनच्या इमेजमध्ये गिट टाकलंस म्हणजे एसएसएच आलं असं होत नाही. "कॅनॉट रन एसएसएच" दिसलं की ओपनएसएसएच-क्लायंट वेगळं टाक. तसंच डेबियनवर गिट-एसव्हीएन आणि मेलनं पॅच पाठवणारं गिट-ईमेल ही वेगळी पॅकेजं आहेत. मुख्य पॅकेजात शोधत बसू नकोस.

'एचटीटीपीएससाठी रिमोट हेल्पर सापडत नाही' असं म्हणालं, तर त्या एक्झेक-पाथच्या डिरेक्टरीत 'गिट-रिमोट-एचटीटीपीएस' आहे का बघ. नसेल, तर बहुधा कुणीतरी सोर्सवरून गिट बांधलंय आणि तेव्हा लिबकर्लच्या डेव्हलपमेंट फाइली मशीनवर नव्हत्या. त्या टाकून पुन्हा बांधावं लागेल. आणि तो असूनही तक्रार कायम असेल, तर 'गिट_एक्झेक_पाथ' नावाचं व्हेरिएबल कुणी मागं ठेवून गेलंय का ते तपास. ते असलं की गिट आपलं घर सोडून त्या पत्त्यावर शोधत राहतं.

नावाच्या गडबडीत सगळ्यांत जास्त छळतो तो पासवर्ड सांभाळणारा क्रेडेन्शियल हेल्पर. कॉन्फिगमध्ये तू नुसतं 'स्टोअर' लिहितोस, तेव्हा गिट त्याच्यापुढे स्वतःहून 'गिट क्रेडेन्शियल-' जोडून घेतं. पूर्ण पत्ता दिलास तर काही जोडत नाही. उद्गारचिन्हानं सुरुवात केलीस तर पुढचा मजकूर शेलच्या हवाली करतं. हा नियम माहीत नसला की लोक उत्साहानं अख्खं नाव लिहितात, आणि गिट दुहेरी उपसर्ग लागलेलं भलतंच नाव शोधत फिरतं.

2022मध्ये गिट क्रेडेन्शियल मॅनेजरच्या प्रोग्रॅमचं नाव बदललं, शेवटचं 'कोअर' गळलं. ज्यांच्या कॉन्फिगमध्ये जुनं नाव राहिलं त्यांना अपडेटनंतर "क्रेडेन्शियल-मॅनेजर-कोअर इज नॉट अ गिट कमांड" दिसायला लागलं. यातला धोका असा, की गिट तिथं थांबत नाही. ती ओळ छापून पुढे जातं आणि युजरनेम-पासवर्ड विचारतं. माणूस गिटहबचा पासवर्ड घालतो, तो नाकारला जातो, कारण 13 ऑगस्ट 2021पासून गिटहब या कामासाठी खात्याचा पासवर्ड घेतच नाही, टोकन लागतं. मग तो पासवर्ड बदलत बसतो. मूळ कारण दोन ओळी वर पडून राहिलेलं असतं. अशा वेळी 'गिट कॉन्फिग --शो-ओरिजिन --गेट-ऑल क्रेडेन्शियल.हेल्पर' लिही. कुठल्या फाइलीत काय लिहिलंय ते फाइलीच्या पत्त्यासकट येतं. सिस्टिम, ग्लोबल आणि रेपोची अशा तीन ठिकाणी नोंदी असू शकतात, आणि तू एक दुरुस्त केलीस तरी दुसरी बोलतच राहते. वरच्या सगळ्या नोंदी पुसायच्या तर आपल्या नोंदीच्या आधी एक रिकामी नोंद ठेवायची.

आणि घायकुतीला आलास म्हणून 'स्टोअर' लावून मोकळा होऊ नकोस. ते टोकन तुझ्या होम डिरेक्टरीत साध्या मजकुरात लिहून ठेवतं. ऑफिसच्या लॅपटॉपवर तर मुळीच नको.

फाइल डोळ्यांसमोर आहे, पत्ता बरोबर आहे, तरी "नो सच फाइल" येतं, तेव्हा हबकून जाऊ नकोस. स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत जो इंटरप्रीटर लिहिलेला असतो तो सापडला नाही, तरी कर्नल हेच उत्तर देतं. विंडोजवर सेव्ह केलेल्या हुकच्या प्रत्येक ओळीच्या शेवटी एक न दिसणारं अक्षर चिकटलेलं असतं. मग लिनक्स 'बॅश' न शोधता 'बॅश आणि ते अक्षर' अशा नावाचा प्रोग्रॅम शोधतं. 'हेड -1'चं उत्तर 'कॅट -ए'मधून बघ (ए कॅपिटल). ओळीच्या शेवटी डॉलरच्या आधी '^एम' दिसलं की कारण सापडलं. अल्पाइनवर ग्लिबसीसाठी बांधलेली बायनरी आणलीस तरी हेच होतं. बायनरी असते, तिला उठवणारा लोडर नसतो.

या सगळ्यात डोळस करणारं हत्यार एकच, 'गिट_ट्रेस=1'. कमांडच्या आधी ते लिहून चालव. गिट कुठला प्रोग्रॅम कुठल्या नावानं हाक मारून उठवतंय, ते ओळीनं छापतं. अंदाज बांधण्यापेक्षा ते वाचायला कमी वेळ लागतो. पॉवरशेलमध्ये लिहायची रीत वेगळी आहे, ती बघून घे. पण तो मजकूर टीमच्या ग्रुपवर टाकायच्या आधी एकदा डोळ्यांखालून घाल. रिमोटच्या यूआरएलमध्ये कुणी टोकन कोंबलेलं असेल तर ते सगळ्यांच्या हाती पडेल.

दोन गोष्टींपासून लांब राहा. पहिली म्हणजे सुडो. 'सुडो गिट पुल' केल्यावर पाथच वेगळा असतो, म्हणून कधी काम होऊनही जातं, पण '.गिट'च्या आत रूटच्या मालकीच्या फाइली तयार होतात आणि दुसऱ्या दिवशी तुझं साधं कमिट परवानगीअभावी अडतं. दुसरी म्हणजे पाथमध्ये टिंब घालून 'आहे त्या डिरेक्टरीतही शोध' असं सांगणं. 2020मध्ये विंडोजवरच्या गिट एलएफएसमध्ये नेमकं याच जातीचं भगदाड सापडलं होतं. कुणी वाईट हेतूनं रेपोत 'गिट.बॅट' नावाची फाइल ठेवली, तर खऱ्या गिटऐवजी तीच चालायची. 2.12.1 आवृत्तीत ते बुजवलं. दुसऱ्याच्या रेपोत तू रोज शिरणार आहेस, म्हणून हे जीव तोडून सांगते.

दुरुस्ती झाली की जिथं अडलं होतं तिथूनच पुन्हा चालवून बघ. ॲपमध्ये अडलं असेल तर ॲप पूर्ण बंद करून उघड, विंडोजवर पाथ बदलला असशील तर जुन्या खिडक्यांना तो कळत नाही, त्या सगळ्या मिट. बॅशमध्ये गिट नव्या जागी टाकूनही जुनंच चालत असेल तर 'हॅश -आर' लिही, शेल जुना पत्ता लक्षात ठेवून बसलेला असतो. 'टाइप -ए गिट'नं किती गिट आहेत आणि पहिलं कुठलं, ते कळेल. मग कुठल्या फाइलीत कुठली ओळ बदललीस, ती रेपोच्या रीडमीत तारखेसकट लिहून ठेव. तुझ्या मागून रुजू होणाऱ्या मुलीच्या मशीनवर हेच पुन्हा अडणार आहे.