पदवीची शेवटची पायरी



दहावीचा निकाल लागला की वस्तीत पेढे वाटले जातात. बारावीलाही तसेच होते. पदवीच्या शेवटच्या परीक्षेनंतर मात्र घरचे लोक "पोरगा ग्रॅज्युएट झाला" असे गृहीत धरतात आणि मुलगाही कामाधंद्याला लागतो. परीक्षा देणे, परीक्षा उत्तीर्ण होणे आणि पदवी प्राप्त होणे या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, हे आपल्यापैकी पुष्कळांना अजून ठाऊक नाही. त्यासाठी हा अभ्यासलेख.

दिघीसारख्या खाडीच्या मुखावरील गावातून पदवीपर्यंत पोचणे सोपे नाही. कोणी एस.टी.ने श्रीवर्धन किंवा म्हसळा गाठतो, कोणी जेट्टीवरून आगरदांड्याला उतरून मुरुडला जातो, कोणी मुंबईत नातेवाइकांच्या एका खोलीत दाटीवाटीने राहून शिकतो. एवढे कष्ट घेऊन शेवटच्या पायरीवर अडकायचे, हे दुःख आम्ही जवळून पाहिले आहे. एक तरुण आमच्याकडे नोकरीचा अर्ज भरून घ्यायला आला. घरचे त्याला बी.कॉम. समजत होते. पदवी प्रमाणपत्र मागितल्यावर त्याने मान खाली घातली. दुसऱ्या वर्षाचा एक विषय राहिला होता, त्यामुळे शेवटच्या सत्राचा निकाल राखीव होता. 'नंतर बघू' म्हणता म्हणता चार वर्षे गेली, अभ्यासक्रम बदलला आणि अर्जाची मुदतही टळली. तीन वर्षांची मेहनत एका विषयापायी कागदावर आली नाही.

बाबासाहेबांची पदवी आणि अकरा वर्षे

या बाबतीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे उदाहरण अभ्यासण्यासारखे आहे. ते मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून बी.ए. झाले आणि १९१३ मध्ये बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१५ मध्ये त्यांनी एम.ए. केले आणि १९१६ मध्ये पीएच.डी.चा प्रबंध सादर केला. आपण म्हणू, झाले की काम! पण त्या विद्यापीठाची एक अट होती. प्रबंध छापून त्याच्या प्रती विद्यापीठाकडे दाखल केल्याशिवाय पदवी मिळत नसे. छपाईला पैसा लागतो आणि त्यांच्याकडे तोच नव्हता.

पुढे शिष्यवृत्ती संपली आणि १९१७ मध्ये लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. महायुद्धाच्या त्या धामधुमीत त्यांची पुस्तके घेऊन निघालेले जहाज बुडाले. त्यांनी मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसे साठवले, छत्रपती शाहू महाराजांचे साहाय्य घेतले, नवल भथेना या पारशी मित्राकडून कर्ज घेतले आणि १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. तेथे १९२१ मध्ये एम.एस्सी. झाले. डी.एस्सी.चा प्रबंध परीक्षकांनी दुरुस्तीसाठी परत केला, तेव्हा तो त्यांनी पुन्हा लिहिला आणि १९२३ मध्ये ती पदवी मिळवली. बॅरिस्टर होण्यासाठी ग्रेज इनमध्ये परीक्षांबरोबर ठरावीक सत्रांच्या भोजनांना हजर राहण्याचीही रीत होती. तीही त्यांनी पाळली.

कोलंबियाचा राहिलेला प्रबंध अखेर १९२५ मध्ये लंडनच्या पी. एस. किंग या प्रकाशनसंस्थेने छापला. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या विकासावरचा हा ग्रंथ त्यांनी सयाजीराव महाराजांना अर्पण केला. ८ जून १९२७ रोजी कोलंबियाने त्यांना पीएच.डी. दिली. प्रबंध सादर केल्यापासून अकरा वर्षे झाली होती! त्याच वर्षी मार्चमध्ये आपल्याच जिल्ह्यातील महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला होता. एवढ्या मोठ्या लढ्याच्या वर्षातही ती जुनी अट पुरी झालेली होती, ही गोष्ट आपल्या मुलांना सांगितली पाहिजे.

आजच्या अटी कोणत्या?

नव्या शैक्षणिक धोरणानुसार आता पदवी श्रेयांकांवर, म्हणजे क्रेडिटवर, मोजली जाते. महाराष्ट्रात तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ आणि चार वर्षांच्या ऑनर्स पदवीला १६० ते १७६ श्रेयांक ठेवले आहेत. पहिल्या वर्षानंतर ठरलेल्या अटी पुऱ्या करून शिक्षण थांबवल्यास सर्टिफिकेट आणि दुसऱ्यानंतर डिप्लोमा मिळतो. मिळवलेले श्रेयांक २०२१ पासून सुरू झालेल्या 'अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स'मध्ये जमा होतात. घरच्या अडचणीमुळे शिक्षण सुटलेल्या मुलामुलींना पुन्हा परतण्याचा हा रस्ता आहे. मात्र त्यालाही मुदत असते, हे विसरू नये.

विद्यार्थ्यांनी पुढील गोष्टी जरूर कराव्यात :

१) प्रत्येक सत्राची गुणपत्रिका हाती येताच नाव, आईचे नाव आणि गुण तपासावेत. चूक असल्यास लगेच लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी.

२) ए.टी.के.टी.चा विषय पुढच्याच परीक्षेत सोडवावा. वरच्या वर्गात बसलो म्हणजे खालचा विषय सुटला असे नाही.

३) क्षेत्रीय प्रकल्प व कार्यप्रशिक्षण यांनाही श्रेयांक आहेत. 'ते काय, नंतर लिहून देऊ' असे म्हणू नये.

४) फी, ग्रंथालयाची पुस्तके आणि शिष्यवृत्तीचा अर्ज यांतील बाकी शेवटच्या वर्षाच्या आधीच मिटवावी.

५) शेवटच्या निकालानंतर पदवी प्रमाणपत्राचे काय करायचे, हे महाविद्यालयाच्या कार्यालयात स्वतः जाऊन विचारावे. तात्पुरत्या प्रमाणपत्रावर कायम विसंबू नये.

६) कागद सांभाळावेत. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात आपल्या किनाऱ्यावर छपरे उडाली आणि किती घरांतले कागद भिजले, ते आपण पाहिले आहे. प्रमाणपत्राची प्रत डिजिलॉकरमध्ये ठेवावी आणि मूळ प्रत प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पेटीत ठेवावी.

समारंभाला जावे का?

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ सालची. १८६२ मध्ये पहिले पदवीधर बाहेर पडले, त्यांत न्या. रानडे आणि डॉ. रा. गो. भांडारकर होते. फोर्टमधील दीक्षान्त सभागृह १८७४ मध्ये उभे राहिले. त्या काळी आपल्या समाजाला शाळेची पायरीही बंद होती, याची आठवण ठेवून त्या इमारतीकडे पाहावे.

विद्यार्थीसंख्या वाढल्यामुळे आज बहुतेकांना प्रमाणपत्र आपल्या महाविद्यालयातूनच मिळते. समारंभाला गैरहजर राहिल्याने पदवी जात नाही, आणि झगा घालून फोटो काढल्याने राहिलेला विषयही सुटत नाही. म्हणून आधी अटी पुऱ्या कराव्यात, मग समारंभाचा विचार करावा.

तरीही आमचे सांगणे आहे की, जमेल त्याने अवश्य जावे. १९५२ च्या जूनमध्ये कोलंबियाने बाबासाहेबांना एलएल.डी. ही सन्मान पदवी दिली, तेव्हा ती स्वीकारण्यासाठी ते स्वतः न्यूयॉर्कला गेले होते. चारचौघांत आपले नाव पुकारले जाणे आणि उठून उभे राहणे याला अर्थ आहे. ज्यांच्या नावाने कोणी कधी हाक मारली ती फक्त कामासाठी, अशा आईबापांना तो क्षण दाखवला पाहिजे. एक दिवसाची मजुरी बुडेल, प्रवासाला खर्च होईल. पण मागच्या बाकावर बसलेल्या आईच्या शेजारी धाकटी बहीणही बसलेली असेल. पुढच्या वर्षी आपण कुठे जायचे, हे तिला कोणी वेगळे सांगावे लागणार नाही.

तो तरुण पुन्हा आला होता. जुन्या अभ्यासक्रमाऐवजी नव्यातला कोणता विषय द्यायचा, हे त्याने कार्यालयात विचारून आणले आहे. त्याचा परीक्षा अर्ज आम्ही भरून घेतला. बाबासाहेबांची अट अकरा वर्षांनी पुरी झाली, मग आपल्या मुलाला चार वर्षांनी उशीर झाला असे कोणी म्हणू नये. आपल्या घरात, शेजारी असा एखादा विषय राहिलेला असेल, तर आज संध्याकाळीच त्याची गुणपत्रिका काढून पाहा.