नेमणूक झाली, पुढे काय?

समाजकार्याच्या अभ्यासक्रमात सेवकांची निवड कशी करावी, हे आपण मन लावून वाचतो. निवडलेला माणूस टिकावा कसा, याची चर्चा मात्र दोन ओळींत आटोपते. ऑस्ट्रेलियातील आदिवासी कर्मचाऱ्यांविषयी वाचताना मला ही उणीव फार जाणवली.

तेथील आदिवासींना 'वेल्फेअर' हा शब्द पिढ्यान् पिढ्या भीतीचा वाटत आला. न्यू साउथ वेल्समध्ये १९०९ च्या कायद्याने संरक्षण मंडळाला अधिकार मिळाले आणि आदिवासी मुले आईबापांपासून तोडून संस्थांत नेण्यात आली. इतर प्रांतांतही हेच घडले. १९९७ च्या 'ब्रिंगिंग देम होम' या अहवालाने ही कहाणी देशापुढे मांडली. १३ फेब्रुवारी २००८ रोजी पंतप्रधान केविन रड यांनी संसदेत क्षमा मागितली.

आता अशी कल्पना करा की, याच समाजातील एक मुलगी बालकल्याण कार्यालयात नोकरीस लागली. दिवसा ती कर्मचारी, सायंकाळी त्याच वस्तीतील कुणाची भाची, कुणाची नात. वस्ती म्हणते, "तू त्यांची झालीस." कार्यालय म्हणते, "तुमच्या लोकांना तुम्हीच समजावा." आदिवासींसंबंधीचा प्रत्येक प्रश्न, प्रत्येक समारंभ तिच्याच माथी येतो. हे काम तिच्या नेमणूकपत्रात नसते आणि पगारातही धरलेले नसते. तिकडे यास 'सांस्कृतिक भार' म्हणतात. शेवटी ती राजीनामा देते आणि वरिष्ठ म्हणतात, "ही माणसे टिकतच नाहीत!"

मग उपाय कोणते? माझ्या वाचनातून मला पुढील चार महत्त्वाचे वाटले.

१) शक्यतो एकट्यादुकट्याची नेमणूक करू नये, सुखदुःख बोलायला बरोबरीचे माणूस हवे.

२) वरिष्ठाच्या देखरेखीबरोबर समाजातील वडीलधाऱ्यांचे मार्गदर्शन मिळावे. आपण काका-मावशी म्हणतो, तसे तिकडे वडीलधाऱ्यांना नाते नसतानाही आदराने 'अंकल', 'आंटी' म्हणतात.

३) मृत्यूनंतरचे विधी, ज्यांना 'सॉरी बिझनेस' म्हणतात, ते दूरच्या आप्तांसाठीही पाळावे लागतात. समाजसेवा क्षेत्राच्या तेथील सेवानियमांत आदिवासी परंपरेच्या विधींसाठी, मालकाच्या संमतीने, वर्षाला १० दिवसांपर्यंत बिनपगारी रजेची तरतूद आहे. पण नियम असून भागत नाही. रजा मागताना मान खाली घालावी लागू नये.

४) सांस्कृतिक कामाची नोंद व्हावी, त्याचा मोबदला मिळावा आणि बढतीची वाट मोकळी असावी.

१९७१ साली सिडनीच्या रेडफर्न भागात आदिवासींनी स्वतःची वैद्यकीय सेवा सुरू केली. कारभारच समाजाच्या हाती असला, म्हणजे कर्मचाऱ्याला आपण कुणाचे, हे दर दिवशी सिद्ध करावे लागत नाही. मला हा धडा सर्वांत मोलाचा वाटतो.

उद्या आपल्यापैकी काहीजण वरिष्ठाच्या खुर्चीत बसतील. कुणी नोकरी सोडून गेला, तर "तो का टिकला नाही?" असे विचारण्याआधी "आपण त्याला टिकू दिले का?" असे स्वतःला विचारावे, एवढेच माझे सांगणे आहे.