उकळलंस, पण ओगराळं कुठंय?

अगं, काल फोनवर तुझा आवाज ऐकला आणि कळलंच मला. सासरचा पहिला पावसाळा, वेल्ह्याची धो-धो झड, नळाला चहाच्या रंगाचं पाणी आणि मांडीवर सात महिन्यांचं पोर. वर सासूबाई म्हणतात, "आम्ही जन्मभर झऱ्याचंच प्यायलो, आम्हाला काय झालं?" वाद घालू नकोस. झरा गोडच आहे त्यांचा, पण खाचरातलं, गोठ्यातलं सगळं पावसात त्यातच उतरतं ना? नुसतं "बाळासाठी उकळते" म्हण. बघ, आठवड्याभरात त्याच मागतील. अगदीच नाही ऐकलं, तर सांग की जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याकडे, किरकटवाडी-नांदेड भागात जीबीएस या नसांच्या आजाराचे रुग्ण वाढले, तेव्हा शहरातल्या नळवाल्यांनाही पाणी उकळूनच प्यायला सांगितलं होतं.

आता कृती. गढूळ पाणी थेट गॅसवर चढवू नकोस. हंड्यात तुरटी फिरव, रात्रभर हलवू नकोस, सकाळी वरचं निवळ पाणी सुती धोतराच्या चारपदरी घडीतून गाळ. मग उकळ. खदखदून मोठे बुडबुडे आले की तिथून पुढे १ मिनिट, बास. खरं सांगू का, भोरला संसार मांडला तेव्हा मी अर्धा-अर्धा तास उकळत बसायचे. सिलिंडर महिन्याच्या आत संपला आणि पातेल्यात पाणी निम्मं! डोंगरात जास्त वेळ लागतो म्हणतात, ते २००० मीटरच्या वर, तिथे ३ मिनिटं. आपल्या तोरण्याचा माथाच १४०० मीटरच्या आसपास, तू तर पायथ्याला.

पण घोळ होतो तो उकळल्यानंतर. पाहुणे दारात, पाणी गरम, म्हणून मी त्यात तांब्याभर कच्चं पाणी ओतलं होतं. वर "उकळलेलंच आहे हो" म्हणून ऐटीत दिलंही! तू हसतेस, पण तुझ्या घरीही कुणीतरी पेल्यासकट हात हंड्यात बुडवणारच. एका हातानं सगळी मेहनत फुकट जाते गं. म्हणून त्याच पातेल्यात झाकून गार कर, ओतायचंच असेल तर कळशी आधी उकळत्या पाण्यानं विसळ, आणि पाणी उभ्या लांब दांडीच्या ओगराळ्यानंच काढ. फवारणीच्या रिकाम्या कॅनमध्ये मात्र कधीच भरू नकोस, कितीही धुतलेला असला तरी. औषध उकळून जात नाही.

चव सपक लागते, लागू दे. दोन स्वच्छ भांड्यांत वरखाली केलंस की बरी होते. चुलीवर झाकण न ठेवता उकळलंस तर मात्र धुराचा वास येतो, माझ्याकडे तर चार दिवस कुणी तोंडच लावलं नव्हतं.

लावणीच्या दिवसांत जमणार नाही, माहितीये मला. चिखलातून येऊन कोण पातेलं चढवणार? रात्री भाकऱ्या झाल्या की त्याच आचेवर उकळून ठेव, सकाळपर्यंत गार. अगदीच अंगात त्राण नसेल त्या दिवशी आशाताईंकडून मेडिक्लोर, म्हणजे पाण्यात टाकायचं क्लोरीनचं औषध, घे. गाळलेल्या पाण्यात बाटलीवर लिहिलेत तितकेच थेंब, अर्धा तास झाकून. बाळाला जुलाब लागले तर मात्र मला फोन करत बसू नकोस, ओआरएस पाजत सरळ आरोग्य केंद्र गाठ.

आणि हो, ओगराळं मी इथून घेऊन ठेवलंय. एसटीनं कुणी तिकडे येणार असेल तर कळव.