शेतकरी कुटुंबाचे वार्षिक अंदाजपत्रक व त्याचे पालन

पगारदाराला महिन्याच्या महिन्याला पैसा मिळतो. शेतकऱ्याला तो वर्षातून दोन-तीन वेळाच मिळतो. खर्च मात्र बारा महिने चालू राहतो. हिंगोली जिल्ह्यातील कोरडवाहू शेतकऱ्याच्या हाती सोयाबीनची पट्टी दसरा-दिवाळीच्या सुमारास पडते व तुरीचे पैसे पौष-माघात येतात. हिंगोलीचा दसरा व पाठोपाठ दिवाळी आटोपली की थैली हलकी होते आणि मृगाच्या तोंडावर खतासाठी उसनवारी करावी लागते. उत्पन्न कमी असणे हे अडचणीचे एक कारण होय; परंतु आलेला पैसा महिन्यांवर वाटून न ठेवणे हे दुसरे कारण असून ते दूर करणे कुटुंबाच्या हाती आहे.

कर्जाचा इतिहास

हा प्रश्न जुना आहे. 1951-52 साली झालेल्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीत शेतकऱ्यांच्या एकूण कर्जात सहकारी संस्थांचा वाटा सुमारे 3 टक्केच आढळला. मोठा भाग सावकारांचा होता. आज बँका व सोसायट्या पीककर्ज देतात आणि महाराष्ट्रात 2014 च्या कायद्यानुसार परवान्यावाचून सावकारी करता येत नाही. तरीही ऐन हंगामातील नड माणसाला खाजगी कर्जाकडे नेते.

दरमहा शेकडा 3 रुपये हा दर कानाला लहान वाटतो. वर्षाला तो 36 टक्के होतो. जूनमध्ये घेतलेले 20,000 रुपये पाच महिन्यांनी फेडताना 3,000 रुपये व्याज पडते. सोयाबीनचा भाव क्विंटलला 4,000 रुपये धरल्यास, 75 किलो सोयाबीन केवळ व्याजापोटी गेले असे होते.

अंदाजपत्रक कसे मांडावे

समजुतीसाठी पाच एकर कोरडवाहू जमिनीच्या कुटुंबाचे उदाहरण घेऊ. तीन एकर सोयाबीनचे एकरी 6 क्विंटलप्रमाणे 18 क्विंटल उत्पन्न धरले. एकरी 30 किलोप्रमाणे पुढील पेरणीस 90 किलो बियाणे लागते. म्हणून विक्रीपूर्वीच 1 क्विंटल बाजूला काढावे. उरलेल्या 17 क्विंटलांचे 68,000 रुपये येतील. दोन एकर तुरीचे 8 क्विंटल, 6,500 रुपये भावाने 52,000 रुपये. पीएम-किसान योजनेचे 6,000 रुपये मिळवून एकूण जमा 1,26,000 रुपये.

खर्चाची बाजू अशी :
1. लागवड, मशागत, खते, फवारणी, काढणी (बियाणे घरचे) – 41,000
2. घरखर्च, दरमहा 5,000 – 60,000
3. मुलांचे शिक्षण – 10,000
4. औषधपाणी व आकस्मिक – 8,000
5. सणवार व लग्नकार्याचा आहेर – 7,000

एकूण खर्च 1,26,000 रुपये. आपापल्या पिकांचे आकडे घालून प्रत्येकाने हा तक्ता तयार करावा. उत्पन्न व भाव नेहमी कमीच धरावेत. पीककर्ज असल्यास त्याचा हप्ता पहिल्या क्रमांकावर लिहावा. मुदतीत फेड केल्यानेच व्याजाची सवलत मिळते.

पालन कसे करावे

तक्ता करणे सोपे असते, पाळणे कठीण. त्यासाठी पुढील नियम उपयोगी पडतात.

सोयाबीनची पट्टी हाती येताच लागवडीचे 41,000 रुपये बँकेत वेगळे ठेवावेत. उरलेल्या 27,000 मधून नोव्हेंबर ते जानेवारीचा घरखर्च 15,000 व सणवाराचे 7,000 जाऊन 5,000 उरतात. तुरीचे 52,000 व योजनेचे 6,000 त्यात मिळवले की 63,000 होतात. त्यांतून फेब्रुवारी ते ऑक्टोबरचा घरखर्च 45,000, शिक्षण व औषधपाणी भागते.

दर महिन्याच्या अखेरीस पती-पत्नीने एकत्र बसून वहीतील खर्च तक्त्याशी ताडून पाहावा. घरातील तेलामिठाचा हिशेब गृहिणीला अधिक ठाऊक असतो. तिच्यावाचून केलेले अंदाजपत्रक टिकत नाही. एखाद्या महिन्यात खर्च वाढला तर वही बंद करू नये. वाढलेली रक्कम पुढील तीन महिन्यांत थोडी थोडी कापून भरून काढावी.

आजारपण आल्यास प्रथम आकस्मिक, नंतर सणवाराच्या रकमेतून खर्च करावा. लागवडीच्या रकमेला शेवटपर्यंत हात लावू नये. पावसाने ओढ दिल्यास ऑगस्टमध्येच जमेचा आकडा उतरवून नवा तक्ता करावा. भाव चांगला मिळाल्यास वाढीव रक्कम आकस्मिक निधीत टाकावी.

राखलेले बियाणे कोरड्या जागी ठेवावे, पोती आपटू नयेत. पेरणीपूर्वी 100 दाणे ओल्या गोणपाटात ठेवून उगवण पाहावी. 70 किंवा अधिक दाणे उगवल्यास बियाणे पेरणीयोग्य समजावे.

अंथरूण पाहून पाय पसरावे हे सर्वांनाच ठाऊक आहे. परंतु अंथरुणाची लांबी प्रथम मोजावी लागते. ते माप म्हणजेच अंदाजपत्रक होय. ज्या घरी मृग नक्षत्रात खताचे पैसे शिलकीत असतात, त्या घरच्या पिकाचा पहिला वाटा व्याजात जात नाही.