तीन बाणांचा भाता विणायची कृती

वही आडवी धरा. पेन्सिल आणि खोडरबर घ्या, पेन नको. एका वजाबाकीत चुकलात की पुढचं सगळं उसवावं लागतं.

आधी भाता काढा. मध्ये एक बिंदू, भोवती तीन, तिन्हींकडून मध्याकडे एकेक बाण. अशा आकृतीला ‘भाता’ म्हणायला सुरुवात पीटर गाब्रिएलने १९७२ मध्ये जर्मनमधून केली. प्रत्येक बिंदूवर एक सदिश अवकाश आणि प्रत्येक बाणावर एक रेषीय फलन ठेवलं की प्रतिरूपण तयार. ज्यांचे आणखी तुकडे पडत नाहीत अशी प्रतिरूपणं किती, ते काढायचंय. त्यासाठी मिती तेवढ्या टिपा: मधली आधी, मग बाजूच्या तिन्ही.

पहिला टाका १;०००, कारण मध्यावरून बाण निघतच नाही. त्याच्या उजवीकडे एकाखाली एक १;१००, १;०१०, १;००१: बाजूला उभं राहिलं तर आपण स्वतः आणि बाणाने गाठलेला मध्य.

इथून खरं विणकाम. गणितीही याला विणकामच म्हणतात. नुकतेच घातलेले जोडलेले टाके मिळवा आणि त्याच जागेवरचा मागचा टाका वजा करा. तिघांची बेरीज ३;१११, वजा १;०००, म्हणून २;१११.

इथे जरा थांबा. हे म्हणजे एका प्रतलात आरंभबिंदूतून जाणाऱ्या तीन वेगळ्या रेषा. दोनच असत्या तर त्यांनाच अक्ष मानून प्रतल सरळ फाडता आलं असतं. तिसरी तिरकी पडते आणि फाडू देत नाही. सगळ्या विणीत मला हाच टाका आवडतो.

पुढे हात भराभर चालतो. २;१११ मधून १;१०० गेले, १;०११ उरले; तसेच १;१०१ आणि १;११०. त्यांची बेरीज ३;२२२, वजा २;१११, म्हणजे १;१११. त्यातून बाजूचे मागचे टाके काढले की ०;१००, ०;०१०, ०;००१. पुन्हा मध्य काढायला गेलात तर −१;००० येतो. उणे आलं की सुई खाली ठेवा. एकूण टाके १२.

शंका आलीच तर चारही अंकांच्या वर्गांच्या बेरजेतून मधला अंक गुणिले बाजूंची बेरीज वजा करा. २;१११ साठी ७ वजा ६. दरवेळी १ च आला पाहिजे; नाही आला तर खोडरबर.

हौस असेल तर चौथा बाण जोडून बघा: ३;११११, मग २;०१११ आणि त्याची भावंडं, मग ५;२२२२. उणे काही येत नाही, वहीची पानं संपतात.